बीअरचा पाव आणि काकूंचा प्रश्न

पानात पडलेल्या पदार्थाविषयी प्रश्न विचारणे हे आपल्याकडे फारसे सभ्यपणाचे मानले जात नाही. पाहुण्याने वाढलेले मुकाट्याने खावे, चांगले झाले आहे म्हणावे आणि हात धुवावा, अशी रीत. पण आमच्या काकूंना आता ब्याऐंशी वर्षे पुरी झाली आहेत, आणि त्या वयात माणसाला काही सवलती न मागता मिळतात. त्यातून काकूंचा सारा जन्म दांडिया बाजारातल्या एका मोठ्या एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात गेलेला. पदार्थ कसा झाला आहे यापेक्षा तो कसा केला आहे, यात त्यांना अधिक रस.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता आणि काकू असे तिघे मुलीकडे इंग्लंडात, ब्रिस्टल गावी, महिनाभर राहून आलो. तिथला उन्हाळा म्हणजे आपला श्रावण. बाहेर पाऊस, हवेत गारठा, आणि संध्याकाळी सात वाजता लख्ख उजेड. अशाच एका संध्याकाळी मुलीने भोपळ्याचे सार केले आणि बरोबर घरी भाजलेला पाव वाढला. वरून खरपूस तांबूस, आत मऊ, चीज, कांदा आणि थोडा ओवा घातलेला. ओवा अर्थातच बडोद्याहून आम्ही नेलेला. काकूंनी एक काप खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि मग त्यांचा प्रश्न आला.

“छान झालंय ग. पण हे फुगवलंस कशानं? सकाळपासून पीठ आंबवत ठेवलेलं तर कुठं दिसलं नाही.”

“बेकिंग पावडरनं, काकूआजी.”

“आणि भिजवलंस कशात? वास निराळाच येतोय. जवाच्या सत्तूसारखा.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी ताटाकडे पाहिले. घरात सर्वांना ठाऊक होते, काकूंनाच तेवढे ठाऊक नव्हते. शेवटी मुलगी म्हणाली, “बीअरमध्ये, काकूआजी. पण भाजल्यावर त्यातलं काही राहत नाही.”

काकूंनी हातातला तुकडा खाली ठेवला. रागावल्या नाहीत, की उठून गेल्या नाहीत. दोन घोट पाणी प्यायल्या आणि एवढेच म्हणाल्या, “आधी सांगायचं ग. हो म्हणायचं की नको, ते मी ठरवलं असतं.”

त्या रात्री आमच्या मुलीला जेवण गेले नाही. आणि मला जे दोन प्रश्न पडले त्यांची उत्तरे शोधण्यात ब्रिस्टलचे पुढचे आठ-दहा दिवस गेले. मुळात पावात बीअर घालण्याचे या लोकांना सुचले तरी कसे? आणि ‘भाजल्यावर काही राहत नाही’ हे म्हणणे खरे की सोयीचे? जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

एका घरातील दोन भावंडे

पावात बीअर कशी आली, असा प्रश्न मी विचारला खरा, पण तो उलटा आहे. पाव आणि बीअर ही पहिल्यापासून एका घरातली भावंडे. दोन्ही धान्याची लेकरे, आणि दोघांना वाढविणारी दाईही एकच, ती म्हणजे यीस्ट नावाची डोळ्यांना न दिसणारी बुरशी. ओल्या पिठातील साखर ही यीस्ट खाते आणि तिच्यापासून दोन गोष्टी तयार करते : कर्बवायू आणि मद्यार्क. पाव करणाऱ्याला हवा असतो वायू, बीअर करणाऱ्याला हवा असतो मद्यार्क. काम तेच, गिऱ्हाइके दोन. हे सारे एका सजीवाचे काम आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८५७ नंतरच्या काही वर्षांत प्रयोगांनी सिद्ध केले. पण त्याआधी हजारो वर्षे भटारी आणि कलाल हे दोघेही ती दाई राबवीत आलेच होते.

इजिप्तमध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मेकेत्रे नावाचा एक मोठा राजाधिकारी होऊन गेला. त्याचे थडगे १९२० मध्ये उकरले गेले, तेव्हा त्यात लाकडाच्या लहान लहान प्रतिकृती सापडल्या. मेलेल्या धन्याला परलोकी काही कमी पडू नये म्हणून त्याचे सारे घरदार बाहुल्यांच्या रूपाने बरोबर दिलेले. त्यात एक घर असे आहे की ज्याच्या एका भागात पाव होतो आहे आणि दुसऱ्या भागात बीअर. बायका धान्य दळीत आहेत, पुरुष पीठ तुडवीत आहेत, कोणी भांडी भरतो आहे. छप्पर एकच, मध्ये फक्त एक भिंत. ही प्रतिकृती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.

रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की, गॉल आणि स्पेन या देशांतले लोक धान्याच्या पेयावर येणारा फेस पिठात घालतात, म्हणून त्यांचा पाव इतरांच्या पावाहून हलका होतो. हा फेस म्हणजे यीस्टच. इंग्लंडात त्याला ‘बार्म’ म्हणत. बीअर आंबू लागली की पिपाच्या तोंडाशी हा फेस जमे, आणि घरोघरच्या बायका भांडे घेऊन तो आणायला जात. आपल्याकडे शेजारणीकडून विरजण आणायला जातात तसे. लँकेशायरकडे गोल मऊ पावाला आजही ‘बार्म’ म्हणतात. खाणाऱ्याला बीअरची आठवणही नसते, नाव तेवढे मागे राहिले आहे.

आमच्या काकूंना जी शंका आली, ती येणाऱ्या त्या पहिल्याच नव्हेत, हे वाचून मला जरा धीर आला. सतराव्या शतकात पॅरिसच्या भटाऱ्यांनी बीअरच्या फेसाने फुगवलेला मऊ पाव विकायला सुरुवात केली. लोकांना तो आवडला, पण हा कलालाच्या पिपातला गाळ पोटाला बाधणार नाही कशावरून, असा वाद निघाला. पॅरिसच्या वैद्यकशाळेने १६६८ मध्ये निर्णय दिला की असा पाव प्रकृतीला अपायकारक आहे. पंडितांच्या दोन फळ्या पडल्या. अखेर १६७० मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायसभेने तोडगा काढला : फेस ताजा असावा, नासलेला नसावा, मग पाव करायला हरकत नाही. पॅरिसकरांनी तोवर तो पाव खाणे थांबविले होते असे नाही.

आमच्या घरचा पाव

पॅरिसच्या या वादाला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये १८९० साली चहा-बिस्किटांचा प्रसंग घडला, आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या माणसांसह तिथे जमलेल्या मंडळींवर ग्रामण्य झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेले असेल. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा कोकणात आणि गोव्यात पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कथांत पाव हा खाण्याचा पदार्थ नव्हता, ती सीमारेषा होती.

काकू सांगतात की, त्यांच्या माहेरी पाव आणला जाई तो आजारी माणसापुरता. ताप उतरल्यावर दुधात कुस्करून द्यायचा. तोही स्वयंपाकघरात यायचा नाही. बाहेरच्या ओसरीवर एक पत्र्याचा डबा असे, त्यात तो राही आणि तिथेच तो संपे. आजीने तो डबा हाताने कधी उघडला नाही. आणि आज? आमच्या बडोद्याची सेवउसळ पावावाचून खाऊन दाखवा! रविवारी सकाळी गाडीवर उभे राहून ‘आणखी दोन पाव’ म्हणणाऱ्यांत त्याच ओसरीवाल्या घरांची नातवंडे असतात. काकूंच्या स्वयंपाकघरातही आता पाव फडताळात असतो. डबा ओसरीवरून आत यायला दोन पिढ्या लागल्या, पण तो आला तो कोणी फसवून आणला म्हणून नव्हे. घरातल्यांनी एकेक करून ‘आता चालेल’ म्हटले म्हणून आला. हा फरक मला ब्रिस्टलच्या त्या संध्याकाळनंतर अधिक जाणवू लागला.

बीअर नसली तरी मादक पेयाने पाव फुगविण्याची चाल आपल्या शेजारी, गोव्यात, शतकानुशतके चालत आली आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांना रोजच्या जेवणाला पाव हवा आणि त्यांच्या देशचे आंबवण इथे नाही, तेव्हा माडाची ताजी सूर, म्हणजे आपली माडी, पिठात घालून पाव होऊ लागला. सुरेत यीस्ट आपोआप वाढते. झाडावर चढून सूर काढणारा रेंदेर आणि ती घेऊन भट्टी पेटविणारा पोदेर ही जोडी गोव्याच्या गावगाड्याचा भाग झाली. साष्टीतील माजोर्डे हे गाव पोदेरांचे मूळ गाव मानतात. उंडो, पोयी, कातऱ्यांचा पाव, कांकण अशी त्या पावांची नावे. सायकलला टोपली बांधून, भोंगा वाजवीत येणारा पोदेर गोव्यात आजही दिसतो. आता बहुतेक भट्ट्यांत विकतचे यीस्ट वापरतात, कारण माडावर चढणारे हात कमी झाले. तरी तांदळाच्या सान्नां सुरेच्याच हव्यात, असा आग्रह धरणारी घरे आहेत. आणि पावाचे ‘पाव’ हे आपले नावही पोर्तुगीजांच्या ‘पांव’वरूनच आलेले.

झटपट पावाची कुळकथा

इथवर वाचून वाचकाची समजूत अशी होईल की, मुलीच्या पावातील बीअरही याच कामाची, म्हणजे पीठ फुगविण्यासाठी. माझीही तीच समजूत होती. पण तसे नाही. बाटलीतली बीअर बहुधा गाळून आणि तापवून घेतलेली असते, तिच्यात जिवंत यीस्ट जवळजवळ उरलेले नसते. आणि असते तरी त्याला काम करायला तास दोन तास हवेत. मुलीने पीठ भिजवले आणि तसेच भट्टीत ढकलले. तिचा पाव फुगविला बेकिंग पावडरने. बीअर होती चवीसाठी, रंगासाठी आणि पिठाच्या ओलाव्यासाठी. काही वाटा तिच्यातल्या फसफसणाऱ्या वायूचा आणि आंबटपणाचाही, पण तो थोडा.

यीस्टची वाट न पाहता क्षार आणि आम्ल यांच्या भेटीतून वायू काढायचा, ही युक्ती तुलनेने अलीकडची. अमेरिकेत १७९६ साली अमेलिया सिमन्स नावाच्या बाईंचे पाकपुस्तक निघाले. त्यात लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार पिठात घालायला सांगितला आहे. पापडखार ठाऊक असलेल्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. पुढे खायचा सोडा आला आणि आयर्लंडात ताक व सोडा घालून केलेला पाव घरोघर रूढ झाला. मग इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने १८४३ मध्ये सोडा आणि आम्ल दोन्ही कोरडीच एकत्र करून बेकिंग पावडर बनविली. त्यामागची हकीकत मला फार आवडली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. अंडेही सोसत नसे, म्हणून त्याने आधी १८३७ मध्ये बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली होती. म्हणजे आज जगभर केक आणि झटपट पाव ज्या भुकटीवर फुगतात, ती एका नवऱ्याने ‘घरातल्या एका माणसाला चालत नाही’ म्हणून शोधलेली आहे. एक माणूस जेवणाबाहेर राहू नये म्हणून साऱ्या जगाच्या स्वयंपाकात भर पडली!

आणि योगायोग असा की, मुलगी राहते त्या ब्रिस्टलमध्येच हेन्री जोन्स नावाच्या भटाऱ्याने १८४५ मध्ये आपोआप फुगणाऱ्या पिठाचे पेटंट घेतले. पिठातच सोडा आणि आम्ल मिसळून ठेवलेले, पाणी घातले की झाले. लांबच्या सफरीवर दगडासारखी बिस्किटे फोडून खाणाऱ्या खलाशांना जहाजावर ताजा पाव मिळावा, ही त्याची धडपड होती. पाण्याऐवजी त्या पिठात बीअरची बाटली ओतली की बीअरचा पाव तयार. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका या देशांत तो घरगुती पाव म्हणून लोकप्रिय आहे तो या सोपेपणामुळे. ना मळणे, ना आंबवणे, ना रात्रभर वाट पाहणे.

बडोदेकरांना सांगायचे तर आंबवलेला ढोकळा आणि सोडा-लिंबूफुलाचे झटपट खमण यांत जे नाते, तेच साध्या पावात आणि या पावात. एकाला रात्र लागते, दुसऱ्याला पाऊण तास.

कृती

काकूंच्या प्रश्नाची चर्चा करताना कृती सांगायचीच राहून जाऊ नये. पौने चारशे ग्रॅम मैदा, किंवा आवडीप्रमाणे तिसरा हिस्सा कणीक आणि बाकी मैदा घ्यावा. त्यात चहाचे चार सपाट चमचे बेकिंग पावडर, एक चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे साखर घालून दोनदा चाळावे. शंभर ग्रॅम चीज किसून, एक कांदा बारीक चिरून परतून, आणि अर्धा चमचा ओवा चोळून घालावा. मग सुमारे साडेतीनशे मिलिलिटर बीअर एकदम ओतून, लाकडी चमच्याने दहा-पंधरा वेळा हलवून पीठ एकत्र झाले की हात थांबवावा. ही या पावातली खरी मेख. चपातीच्या सवयीने आपला हात मळायला जातो, पण मळले की गव्हातला चिकटपणा ताणला जातो आणि पाव चामड होतो. पीठ जरा गुठळ्यांचेच राहू द्यावे. तूप लावलेल्या लांबट डब्यात ओतून वरून दोन-तीन चमचे वितळलेले लोणी सोडावे, आणि आधी तापवून ठेवलेल्या भट्टीत १८० ते १९० अंश सेल्सिअसवर पाऊण ते एक तास भाजावे. मध्यात सुई खुपसून ती कोरडी निघाली की झाले. लगेच कापू नये. अर्धा तास जाळीवर निवू द्यावे, नाहीतर काप चिकट निघतात.

बीअर कोणती, यानेही फरक पडतो. बीअरला कडूपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या बोंडांमुळे. फार कडू बीअर घेतली तर तो कडूपणा पावात उतरतो, म्हणून सौम्य घेतात. काकूंना जो सत्तूचा वास आला तो अगदी बरोबर होता. बीअर होते ती मोड आणून वाळवलेल्या, भाजलेल्या जवापासून. त्या जवाची साखर पावाच्या पाठीला तांबूस रंग देते आणि त्याचाच खमंगपणा वासात येतो. ब्याऐंशीव्या वर्षी काकूंचे नाक आमच्या सर्वांच्या डोळ्यांपेक्षा शाबूत आहे!

पावातला पाव हिस्सा

आता दुसरा प्रश्न. भाजल्यावर खरेच काही राहत नाही का?

मुलीची समजूत जगभरच्या स्वयंपाकघरांत आहे, आणि ती वरवर पाहता पटण्यासारखीही आहे. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. पाव आतून नव्वद-पंचाण्णव अंशांच्या वर जातो, तेव्हा सारा मद्यार्क आधीच उडून गेला असला पाहिजे, असे वाटते. पण पाणी आणि मद्यार्क एकदा मिसळले की ते इतके शहाण्यासारखे वेगळे होत नाहीत. पाण्याबरोबर थोडा थोडा मद्यार्क मागे रेंगाळतोच. अमेरिकेच्या शेतकी खात्याने याचा तक्ता प्रसिद्ध केला आहे. पदार्थात मद्य मिसळून तो तासभर भाजला वा शिजवला, तर मूळच्या मद्यार्कापैकी सुमारे २५ टक्के उरतो. अर्धा तास शिजवला तर ३५ टक्के, अडीच तास शिजवला तर ५ टक्के. म्हणजे पावात पाव हिस्सा राहतो!

आता हिशेब करू. साडेतीनशे मिलिलिटर बीअरमध्ये शेकडा ५ प्रमाणे साडेसतरा मिलिलिटर मद्यार्क. त्याचा चौथा हिस्सा साडेचार मिलिलिटरच्या आत-बाहेर. पावाचे बारा काप केले तर एका कापात अर्ध्या मिलिलिटरहून कमी, म्हणजे थेंबांत मोजण्याइतका. त्याने कोणाला कैफ चढणार नाही. शिवाय यीस्टने फुगलेल्या साध्या पावातही मद्यार्काचा अंश असतो, आणि आपल्या इडलीच्या आंबलेल्या पिठातही तो किंचित तयार होतो. ‘मला मद्याचा कणही नको’ असे कोणी म्हटले, तर त्याला आंबवलेल्या साऱ्याच पदार्थांकडे जरा डोळेझाक करावी लागेल.

हा हिशेब मी मोठ्या उत्साहाने काकूंपुढे मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “म्हणजे राहतं. थोडं का होईना, राहतं. मग राहत नाही असं कशाला सांगायचं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वास्तविक काकूंचे म्हणणे पावाविरुद्ध नव्हतेच. त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, तरुणपणी घरातल्या एका माणसाची दारूपायी झालेली दैना पाहून कुलदैवतासमोर शपथ घेतली होती, आणि काकूंनी ती त्यांच्यामागे आजवर सांभाळली आहे. ती गोष्ट आम्हाला ठाऊक होती. काकूंचा नेम मिलिलिटरमध्ये मोजायचा नव्हता. तो मोडायचा की नाही हे ठरविण्याचा हक्क त्यांचा होता, आणि आम्ही तो त्यांना न विचारता स्वतःकडे घेतला होता, तोही ‘बिचाऱ्यांना काय कळतंय’ अशा मायेने. घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी आपण हे फार वेळा करतो. कुणी व्रतामुळे सोडतो, कुणी औषधे चालू असतात म्हणून, कुणी सुटलेले व्यसन पुन्हा लागू नये म्हणून. कारण काहीही असो, वाढणाऱ्याने सांगायला दोन शब्द लागतात.

दोन पाव

निघण्याच्या आदल्या रविवारी मुलीने दोन पाव भाजले. एकावर ओवा, एकावर तीळ. ताटे मांडण्याआधी तिने काकूंना जवळ बोलावून सांगितले, “ओव्याचा बीअरचा आहे. तिळाचा ताकाचा, तो तुमचा.” ताकाची युक्तीही काकूंचीच. बीअर फुगवीत नसेल, नुसती ओल आणि आंबटपणा देत असेल, तर ते काम ताक का करणार नाही, असा त्यांनीच सवाल टाकला होता. आयर्लंडातल्या बायकांनी हाच सवाल पूर्वी सोडवून ठेवला आहे, हे त्यांना नंतर कळले.

काकूंनी तिळाचे दोन काप खाल्ले आणि जावयापुढे ओव्याचा पाव सरकवून म्हणाल्या, “तुम्ही घ्या हो. मला चालत नाही म्हणून तुम्हाला कशाला बंद?”

बडोद्याला आल्यावर तो ताकाचा पाव आमच्या घरी रुळला. इथे बीअरचा प्रश्नच उद्भवत नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झाले तेव्हा त्याच्याबरोबर आला, आणि परवान्यावाचून बाटली घरात आणणे हा गुन्हा आहे. तेव्हा ज्या वाचकांना वरची कृती करून पाहण्याची इच्छा झाली असेल, त्यांनी काकूंची रीत धरावी. मैदा आणि कणीक तेवढेच, बेकिंग पावडरीऐवजी चहाचा एक सपाट चमचा खायचा सोडा, आणि बीअरऐवजी तेवढेच दाट, चांगले आंबट ताक. पाणी घालून वाढविलेले पातळ ताक उपयोगी नाही. दही नुसते घुसळून घ्यावे. सोडा चाळून घ्यावा आणि चमचाभरच घ्यावा. जास्त झाला की पावाला साबणासारखी चव येते आणि आत पिवळे ठिपके दिसतात. बीअरचा तो खमंगपणा हवा असेल तर जव भाजून, दळून त्याचे दोन चमचे पीठ मिसळावे. हुबेहूब तीच चव येते असे मी म्हणणार नाही. पण सेवउसळीबरोबर तो पाव असा लागतो की ब्रिस्टलची आठवण मागे पडते.

परवा रावपुऱ्यातल्या एक बाई काकूंना भेटायला आल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात पावाची बशी ठेवताना काकूंचे चालले होते, “ह्यात अंडं नाही, बीअर नाही. ताक घरचं आहे. कांदा मात्र घातलाय हं, आज तुमची एकादशी-बिकादशी नाही ना?”

बाई गोंधळून म्हणाल्या, “अहो काकू, साधा पाव तर आहे! एवढं कशाला सांगता?”

“सांगितलेलं बरं असतं,” काकू म्हणाल्या, आणि बशी त्यांच्याकडे सरकवली.